मागून घेतलेली चाल

गुरुवार, ३ एप्रिल

लिही. मी मालुबाई. वडगावच्या विणकर गल्लीतली, परसूची बायको, भरमूची आई, आणि जी आत्ता मान खाली घालून हे उतरवून घेते आहे त्या रचनाची आज्जी. वय लिहू नकोस. मलाच ठाऊक नाही, आणि मी अंदाजानं सांगितलं तर सून मंजुश्री त्यात पाच मिळवते.

मला अक्षर येत नाही. रोज दुपारी चहा झाला की मी बोलायचं आणि हिनं लिहायचं, असं आमचं ठरलं. कारण असं, की ही नाटकात काम करते. तालमी अनगोळात होतात. तिथला दिग्दर्शक नागेंद्र, त्यानं सगळ्या नटांना सांगितलं, आपापल्या पात्राची दैनंदिनी लिहा. आता हिचं पात्र म्हणजे मी. तरुणपणीची मी. तर ही म्हणते, "आज्जी, पात्र घरात चहा पीत बसलंय, मग मी कशाला मनानं लिहू? तू सांग."

"आणि शाबासकी कुणाला?"

"अर्धी अर्धी."

माझं बोलणं ही सरळ करून लिहिते. मी 'न्हाय' म्हटलं की कागदावर 'नाही' उतरतं. वाचून दाखवते तेव्हा वाटतं, कुणी शिकलेली म्हातारी माझ्या खाटेवर बसून माझ्याच गोष्टी सांगते आहे. बाई बरी वाटते. बसू दे.

नाटक माझ्या नवऱ्यावर आहे. परसू दिवसभर मागावर बसायचा आणि जत्रा आली की नाटकात बायकांची कामं करायचा. तेव्हा बाई नाटकात उभी राहत नसे, म्हणून परसू उभा राहायचा. थंडीत नागेंद्र आमच्याकडे आला, मोबाइल माझ्यासमोर ठेवला आणि एक अख्खी दुपार मला बोलतं केलं. पोरगा नम्र आहे. चहात साखर कमी पडली तरी बोलला नाही.

आत्ता लाईट गेली. खाली भरमूचे यंत्रमाग थांबले, शेजारचे थांबले, सगळी गल्ली मुकी झाली. दिवसभर खडखडाटात राहून आम्ही सगळे ओरडून बोलतो, त्यामुळे लाईट गेली की पहिली दोन वाक्यं उगाच मोठ्यानं निघतात. मग लाजून आवाज खाली येतो. तेव्हा मला परसू आठवतो. तो एकटा या गल्लीत हळू बोलायचा.


शनिवार, ५ एप्रिल

दुपारी डोळा लागला. स्वप्नात गल्लीभर ताणा पसरलेला. पूर्वी खरंच पसरायचो, या टोकाच्या खुंट्यापासून त्या टोकापर्यंत सूत, आणि माणसं वाकून खालून जायची. स्वप्नातलं सूत हिरवं होतं आणि परसू त्यावरून चालत येत होता, माझ्यासारखा. एक धागा हलला नाही. मी म्हटलं, "खाली उतर, तुटंल." तो म्हणाला, "तूच चाललीयास मालू, मी न्हवं."

जागी झाले आणि हिला म्हटलं, चल, लग्नाच्या रात्रीचं लिही. ही लाजेल म्हणून मी वाट बघितली, पण ही पेन उघडून बसली. आजकालच्या पोरी.

मी बोरगावची. चांगली विशीची होऊन लग्न झालं, माझ्या आईला कुणी जावई पसंतच पडत नव्हता. वरात वडगावला आली. घर पाहुण्यांनी भरलेलं, म्हणून आम्हाला मागाची खोली दिली. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा तो माग. परसू त्याच्या काठावर बसला, पाय आत सोडून, आणि म्हणाला, "मगाशी तू उंबऱ्यावर वळलीस न्हव का, तशी परत वळ की."

मला वाटलं, आईनं एवढं पारखून वेड्याच्या गळ्यात बांधलं.

"कशाला?"

"माझं वळणं चुकतंय. मास्तर लई वरडतोय."

मी वळले.

"पदर आधी, का पाय आधी?"

"मला काय ठावं? मी वळती, मोजत न्हाय."

मग आम्ही दोघं तोंड दाबून हसलो, कारण भिंतीपलीकडे आत्याबाई झोपली होती. हसणं थांबल्यावर त्यानं विचारलं, "तुझी चाल मी घिऊ का? जत्रंत, गावापुढं चालायला."

आजवर माझं कुणी काही मागितलं नव्हतं. काम सांगत, मागत नसत. मी म्हटलं, इचार करून सांगती. आणि खरंच आठ दिवस विचार केला. तोवर तो रोज फक्त विचारायचा, "देतीस का?" आणि कूस बदलून झोपायचा. नवव्या दिवशी मी सांगितलं, "चाल घे. हसणं घे. रडणं तेवढं माझं मला ऱ्हाऊ दे."

त्यानं पाळलं. जत्रेत राणी रडायची वेळ आली की परसू लोकांकडे पाठ करायचा. लोक म्हणायचे, काय कसब आहे, पाठीनं रडतोय. कसब कसलं. बायकोला दिलेला शब्द होता.


बुधवार, ९ एप्रिल

इतकं ऊन की कौलं तडकतील, आणि ही पोरगी लांब बाह्यांचा झगा घालून बसली आहे. मी म्हटलं, "कुणासाठी गं एवढं झाकणं?" ही म्हणते, फॅशन आहे. जेवणही पाखरासारखं. भात पुढं, नजर भिंतीवर.

मी काय आजची आहे? मला कळतं. परसूचं काम मच्छे गावचा सौरव करतो. कारखान्यात पाळी करून, तेलाच्या वासासकट तालमीला येतो. परवा हिला गाडीवरून सोडायला आला होता. खाली मान, पायानं माती उकरत उभा. 'आत ये' म्हटलं तर पळाला. माणूस असा पळतो तो दोनच कारणांनी, एक तर मन जडलं म्हणून. दुसरं काय ते मला आठवत नाही.

मी विचारलं, "सौरव हात बित धरतोय का न्हाय नाटकात?"

पेन थांबलं. बघ, आत्ताही थांबलं. लाजतेस कशाला, लिही.


गुरुवार, १० एप्रिल

परत स्वप्न. परसू दारात, हिरवं लुगडं नेसलेला, पण दोन्ही हात पदराखाली. म्हटलं, काय लपवतोयास, दाव. तो दाखवेना. भूक लागली असेल. बेसनाचे लाडू त्याला फार आवडायचे. आज मंजुश्रीला सांगून केले, आणि हिनं एक खाल्ला. तेवढं बरं.


मंगळवार, १५ एप्रिल

आज हिनं माझं हिरवं इरकल नेलं, आता तालीम लुगड्यात आहे म्हणे. नेसून दाखव म्हटलं. नेसली आणि खोलीच्या त्या टोकाकडून आली. झोप आणि जाग यांच्या मधे मी बसले होते. मी मलाच येताना बघितलं. उठून जागा द्यावी असं वाटलं.

लुगड्यावरून आठवलं ते लिही. आमच्याकडं जत्रेआधी रीत होती. ज्याला बाईचं काम असेल त्यानं दिवसाउजेडी एखाद्या घरी जायचं आणि घरच्या बाईकडं लुगडं मागायचं. नवऱ्याकडं नाही, बाईकडं. ती विचारायची, "ह्यात काय काय हुनार?" त्यानं सगळं सांगायचं, नाच आहे, एकदा मार आहे, शेवटी मरण आहे. मग ती अट घालायची. शेजारची यल्लव्वा म्हणायची, "नाच, पर माझ्या लुगड्यात मरायचं न्हाय." मग मरणाला दुसऱ्या घरचं लुगडं. राणी मरायच्या आधी पडद्याआड जाऊन बदलून यायची आणि लोकांना काही वावगं वाटत नसे. मालकीण पुढंच बसलेली असायची, चुकलं तर उठून बोलायला.

या खेपेला मी काही विचारलं नाही. नात नेसणार, त्यात काय विचारायचं?

"तालीम बघाय येती एकदा," मी म्हटलं.

"नको आज्जी. अजून कच्चं आहे."

"मी काय पिकलेलंच खाती व्हय?"

"नको म्हटलं ना."

आवाज चढला हिचा. सौरवपुढं आज्जी नको. कळतं मला.


शनिवार, १९ एप्रिल

लिही. तू होतीस तिथं, तरी मी सांगते तसं लिही.

काल मी न सांगता गेले. मंजुश्रीनं रिक्षात बसवून दिलं, मांडीवर लाडवांचा डबा. अनगोळातला तो हॉल म्हणजे लांबट खोली, वर पत्रा, प्लास्टिकच्या खुर्च्या. कुणाचं लक्ष नव्हतं. मी दारातल्या खुर्चीत बसले. पत्र्याखाली सगळं पाण्यात बुडाल्यासारखं मंद दिसत होतं. मधोमध हिरवं लुगडं चालत होतं आणि मी मनात म्हटलं, व्हय, अशीच.

रचना तांब्यातलं पाणी ओतत होती. सौरव मागाचा काठ म्हणून मांडलेल्या बाकावर बसलेला. तो काही तरी बोलला, ती हसली. मग खुर्चीतून नागेंद्र अगदी हळू म्हणाला, "आता."

सौरवनं हिचं मनगट धरलं, पिरगाळलं आणि दुसऱ्या हातानं अंबाडा धरून खाली ओढलं. तांब्या गडगडत माझ्यापर्यंत आला.

मी हिचे डोळे बघितले. नाटकातले डोळे मी आयुष्यभर बघितले आहेत, ते बघणाऱ्याकडं बघतात. हे कुणाकडंच बघत नव्हते. बाही वर सरकली होती. मनगटावर जुनं काळं-निळं होतं.

नागेंद्र म्हणाला, "हे. हेच पाहिजे होतं."

मी तांब्या उचलला आणि पुढं गेले.

"ह्ये काय हुतं?"

सगळे दचकले. नागेंद्र उठला, खुर्ची दिली. "आज्जी, बसा. तुम्ही कधी आलात? ही तुमच्या लग्नाची रात्र आहे."

"माझ्या लग्नाची? मग मी कुठं हुती?"

"आज्जी, गाव परसूआप्पांना बायल्या म्हणून चिडवायचं, हे तुम्हीच सांगितलंत. तो राग कुठं तरी निघणारच. तो बाईवर निघतो. त्या काळी असंच व्हायचं. तुम्ही विसरला असाल. किंवा सांगायचं नसेल."

"तू उशाला बसला हुतास जणू."

"मला बायकांवरचा अन्याय दाखवायचाय आज्जी. मी बायकांच्या बाजूनं आहे."

"बाजू घे की. मनगट कशाला घेतोस?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. नागेंद्रचा चेहरा पांढरा झाला, पण आवाज त्यानं चढवला नाही. म्हणून मी शेवटचं काढलं. उभी राहून, जत्रेत उभं राहावं तसं म्हणाले, "माझ्या लुगड्यात मार न्हाय. ही रीत हाय."

मला वाटलं, झालं. नागेंद्रनं मान डोलवली. "बरं आज्जी. तुमचा मान आहे. उद्यापासून दुसरी साडी घेऊ."

मी रचनाकडं वळले.  माझं लुगडं मी सोडवलं होतं, आणि पोर आत तशीच उभी होती. इतका वेळ मी कापडासाठी भांडत होते, परसूसाठी भांडत होते, माझ्या रात्रीसाठी भांडत होते. हिला मीही काही विचारलं नव्हतं.

तेव्हा विचारलं. "रचना, ह्यो धरणार ह्ये तुला ठावं हुतं?"

"न्हाय."

"पयल्यांदाच?"

"रोज वेगळ्या ओळीला. कुठल्या ते मला सांगत न्हाईत. भीती खरी दिसावी म्हणून."

सौरव खाली बघत म्हणाला, "सरांनी सांगितलतं, तिला कळू द्यायचं न्हाय. मी म्हटलतो नको म्हणून." थोडं थांबून म्हणाला, "एकदाच म्हटलतो."

माणूस पळतो त्याचं दुसरं कारण मला तेव्हा आठवलं.

"तुला काय पायजे पोरी?" मी विचारलं. "घरी जायाचं?"

तिनं केस बांधले. सावकाश. नंतर जे बोलली ते कडाडून नाही, दुकानात माप सांगावं तसं. "घरी जायचं न्हाय आज्जी. मला काम करायचंय. पण मला न सांगता माझ्या अंगाला कुणी हात लावायचा न्हाय. सांगून मारा, मी मार खाईन. असा खाईन की बघणाऱ्याच्या पोटात खड्डा पडंल. मी नटी आहे, सर. मला घाबरवायची गरज न्हाय."

 नागेंद्र म्हणाला, "तालीम संपली," आणि बाहेर गेला.

लाडू कुणी खाल्ले नाहीत. डबा तसाच परत आणला.


सोमवार, २१ एप्रिल

फोन नाही. तालीम नाही. येत्या रविवारी निपाणीला स्पर्धा आहे, तिथं नाटक जायचं होतं. निपाणीपासून बोरगाव जवळ, माझ्या माहेरची माणसं येणार होती.

ही गच्चीत बसून असते. मंजुश्री म्हणाली, "सुटलीस, बरं झालं." ही म्हणाली, "मला सुटायचं नव्हतं, आई." तेवढंच.

मीच जाऊन विस्कटलं का? हिनं 'नको' म्हटलं होतं. मी लाजणं समजले. इतकी वर्षं माणसं बघून मला लाजणं आणि भिणं वेगळं दिसलं नाही, हे लिही. मी सांगते आहे ना, लिही. हिच्यासाठी बोलायला गेले आणि हिचं नाटक गेलं. तरी परत तसंच बघितलं तर परत तसंच बोलेन, हेही लिही. दोन्ही खरं आहे.

दुपारी झोप आली नाही, तरी स्वप्न आलं. परसू पाठमोरा. हाक मारली, वळला नाही.


गुरुवार, २४ एप्रिल

नागेंद्र आला. दुपारी, एकटा. खाली माग चालू होते म्हणून सुरुवातीला तो काय बोलला ते मला ऐकूच आलं नाही, नुसते ओठ. मग लाईट गेली आणि त्याचं वाक्य मधूनच मोठ्यानं बाहेर पडलं, "मला अजून पटलेलं नाही." गल्लीभर गेलं असेल. तो लाजला. मला तो थोडा आवडला.

सौरवनं त्याला सांगितलं आहे, ते काम तो असं करणार नाही. बाकीच्यांनीही सांगितलं. नाटक तीन दिवसांवर.

"आज्जी, ती रात्र परत सांगा."

मी सांगितली. माग, खड्डा, वळणं, आत्याबाई, आठ दिवस. या वेळी मोबाइल त्याच्या खिशात होता.

"पण ह्यात घडतं काय?" त्यानं विचारलं. चिडून नाही. खरंच कळत नव्हतं त्याला.

"एकानं इचारलं. दुसरीनं इचार केला."

"एवढंच?"

"तुला कमी वाटतंय? तुझ्या नाटकात तर एवढंसुदीक न्हाय."

तो हसला नाही. रचना दारात येऊन उभी होती. तिच्याकडं न बघता तो म्हणाला, "माझं चुकलं, असं मला वाटायला लागलंय. पूर्ण वाटलं की नीट म्हणेन."

"मी 'थांब' म्हटलं की सौरव थांबेल," रचना म्हणाली, "आणि कुठं हात लागणार ते आधी ठरेल. मग मी उद्या येते."

"ठरेल."

उठताना तो घुटमळला. "आज्जी, तुमची ती रात्र, ते परसूआप्पा, आम्ही करू ना?"

"पत्रकं वाटून झाल्यावर इचारतोयास."

"व्हय."

"कर. माझं रडणं दावू नको. बाकी कर."


सोमवार, २८ एप्रिल

काल निपाणी. मला पहिल्या रांगेत बसवलं, शेजारी बोरगावची माझी भावजय रुक्माबाई. ती एवढ्या मोठ्यानं बोलते की नाटकातल्यांना अडचण. "ह्यो परसू? लईच काळा हाय की." मी म्हटलं, गप ऱ्हा, पावडर संपली असंल.

दिवे मंद झाले. सौरव काठावर बसला, पाय खाली सोडून. मी त्याच्याकडं बघत होते आणि मला तेलाचा वास नाही, सुताच्या खळीचा वास आला. हिरवं लुगडं आलं. वळलं. सौरवनं विचारलं, "तुझी चाल मी घिऊ का?"

आणि रचना बोललीच नाही.

मला वाटलं विसरली. सौरव थांबला. ती त्याच्याकडं बघत राहिली, मग आमच्याकडं, मग स्वतःच्या पायांकडं, जणू आत्ताच कळलं की हे आपले आहेत. सगळं सभागृह तिच्या तोंडाकडं. कुणी खोकलं. मागून एक गडी म्हणाला, "दे की गं." लोक हसले. ती हसली नाही. सौरवही हलला नाही, त्याचा हात मांडीवर, बोटं उघडी. आडोशाला नागेंद्र उभा होता, तो हातानं 'पुढं, पुढं' करत होता, मग त्यानंही हात खाली घेतला.

केवढा वेळ गेला मला माहीत नाही. स्वप्नात जातो तसा गेला. सभागृह हसायचं थांबलं, खोकायचं थांबलं. मग ती म्हणाली, "इचार करून सांगती," आणि आत निघून गेली. सौरव रिकाम्या रंगमंचावर तसाच बसून राहिला, वाट बघत.

बक्षीस मिळालं नाही. परीक्षक म्हणाले, दुसऱ्या अंकात संघर्ष कमी पडला. नागेंद्र मान हलवत ऐकत होता, आणि त्याचं तोंड असं झालं होतं की मला त्याला लाडू द्यावासा वाटला. रचना पाव आणि मिसळ खात होती, दुसरी ताटली मागवून. बाह्या कोपरापर्यंत वर.

रुक्माबाईला तिच्या नातवानं गाडीत बसवलं. बसता बसता तिनं माझा हात धरला. नाटकभर बडबडणारी बाई, आवाज एकदम खाली. म्हणाली, "मालू, असं इचारत्यात व्हय?"

मी व्हय म्हटलं. गाडी गेली.


बुधवार, ३० एप्रिल

रचनानं आज पेन हातात घ्यायच्या आधीच विचारलं. "आज्जी, नागेंद्र ही वही मागतोय. म्हणतो, ह्यातलं काही नाटकात घालू. देऊ का?"

"त्यानं इचारायला सांगितलं, का तू इचारतीस?"

"दोघांनी."

"मग आधी सगळं वाचून दाव."

वाचलं. खाली माग चालू, त्यामुळे अर्धं ऐकलं आणि अर्धं माझं मीच जुळवलं. ऐकताना वाटलं, ही शिकलेली म्हातारी बरीच चहाटळ आहे, पण खोटं बोलत नाही. मग मी एकेक सांगत गेले. स्वप्नं देऊन टाक, ती तशीही माझी एकटीची नव्हती. लाडू दे. लाजणं आणि भिणं मला वेगळं दिसलं नाही, तेही दे, लोकांना उपयोगी पडेल. रुक्माबाईचं वाक्य देऊ नकोस. ते तिचं आहे, बोरगावला जाऊन तिला विचार, ती हो म्हणाली तर.

"आणि माझं मनगट?"

"ते मला काय इचारतीस? मनगट तुझं."

ती विचारात पडली. पडू दे. घाई नाही.

मग वही मिटता मिटता म्हणाली, "आज्जी, नागेंद्र म्हणाला होता ना, तुम्हाला सांगायचं नसेल. लग्नाच्या रात्रीचं नाही, नंतरचं. इतकी वर्षं. आजोबा एकदाही...?"

प्रश्न तिनं अर्धाच ठेवला. चांगलं विचारलं. पुढं ढकललं नाही, वाट बघत बसली.

सांगेन. तुला सांगेन, कारण तू थांबलीस. पण नागेंद्रला नाही, निपाणीला नाही, या शिकलेल्या म्हातारीलाही नाही.

पेनाला टोपण लाव.